एकाच मीटरवर किती वायरी? सीआरएमचा परवाना आणि जोडणी

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कृषी केंद्रात एकाच कास्तकाराची नोंद चार ठिकाणी सापडते. गल्ल्याखालच्या लाल वहीत त्याची उधारी. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याचं खातं. खताची विक्री नोंदवायच्या पॉस मशीनवर त्याचा अंगठा. आणि माझ्या मोबाईलवर त्याचे पाच-सहा व्हॉइस मेसेज. त्यातल्या एकात कपाशीवरच्या लाल्याची तक्रार होती, तिचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. माणूस एकच, पण वहीला टॅलीची खबर नाही आणि टॅलीला मोबाईलची.

खरिपाच्या तोंडावर नागपूरहून एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. सीआरएम नावाचं सॉफ्टवेअर विकत होता. "काका, सगळं एका स्क्रीनवर येईल," म्हणाला. आमचे अध्यक्ष काकाजी बराच वेळ ऐकत बसले होते, मग म्हणाले, "येईन ते बराबर हाये. पन पैसे कायचे घेता? स्क्रीनचे का मानसाइचे?"

पोरगा हसला. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या दुकानानं सीआरएम घेताना नेमका हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नसतं.

सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकाशी असलेल्या नात्याची वही. टॅली सांगतं किती येणं, किती देणं. सीआरएम सांगतं की हा माणूस कोण, त्याचं वावर किती, मागच्या खेपेला काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी करायचा आणि कोणी करायचा. एवढंच. हे काम पूर्वी हुशार दिवाणजीच्या डोक्यात असायचं. दिवाणजी सोडून गेला की नातंही जायचं. १९९९ मध्ये निघालेल्या सेल्सफोर्स या अमेरिकी कंपनीनं ही वही इंटरनेटवरून भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि आता बहुतेक सगळ्या तशाच मिळतात. आपल्याकडची झोहो तीन वापरकर्त्यांपर्यंत सीआरएम फुकट देते. तीन माणसांच्या दुकानानं तिथूनच सुरुवात करावी, असं माझं सरळ मत आहे. चौथा माणूस आला की पुढचं सगळं वाचायला घ्यावं.

घेतलं की भाड्यानं आणलं?

सॉफ्टवेअर "घेतलं" असं आपण म्हणतो, पण मिळतो तो वापरायचा परवाना. तो कोणत्या जातीचा, हे कास्तकाराला बियाण्यावरून चटकन कळतं. बीटी कपाशीचं पाकीट दरवर्षी नवं आणावं लागतं. संकरित वाण, घरची सरकी ठेवून पेरली तर तसं पीक येत नाही. वर्गणीचं सीआरएम तसंच असतं: पैसे भरले नाहीत तर पुढच्या हंगामात हातात काही नाही. टॅलीचा परवाना वेगळा. एकदा घेतला की तो बंद पडत नाही. नव्या सुधारणा आणि काही ऑनलाइन सोयी हव्या असतील तर त्यांचं नूतनीकरण तेवढं करावं लागतं. त्यातही सिल्व्हर एका जागेपुरतं आणि गोल्ड एकाच नेटवर्कवरच्या अनेक जागांना. तिसरी जात म्हणजे सोयाबीनचं घरचं बियाणं. चाळलं, उगवण तपासली, पेरलं, शेजाऱ्यालाही दिलं, कोणी विचारत नाही. ओपन सोर्स म्हणतात ते हे. त्याच्याकडे नंतर येतो, कारण तिथंही एक अट आहे.

आता वर्गणीच्या परवान्यात माणसं कशी मोजतात ते. दोन पद्धती सरसकट दिसतात. एक, नावानिशी. हा एसटीचा पास समजा: त्यावर बापाचा फोटो आहे, तो घरी झोपलेला असला तरी पोराला त्या पासवर जाता येत नाही. दुसरी, एका वेळी किती. ही काळीपिवळी. गाडीत जागा ठरलेल्या, कोण बसलं याच्याशी मालकाला देणंघेणं नाही, एक उतरला की दुसरा चढतो. इंटरनेटवरची बहुतेक सीआरएम पासवाली असतात. आणि आपण सगळे त्यांना काळीपिवळी समजून वापरतो. एकच पासवर्ड तिघांत, काउंटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला.

करार मोडतो हा एक भाग झाला. त्याहून वाईट हे की नोंदीचा अर्थच जातो. तुरीवर अमुक फवारा असं कास्तकाराला कोणी सांगितलं, हे उद्या बघायची वेळ आली तर तिघांचंही नाव एकच.

आमच्या धंद्यात आणखी एक पेच आहे, तो मुंबई-पुण्याच्या माहितीपत्रकात कधी येत नाही. आमचं काम सारखं नसतं. जून-जुलैत काउंटरवर सहा माणसं लागतात, तूर आणि हरभऱ्याच्या खरेदीला पुन्हा चार-पाच. मधल्या महिन्यांत दोघं माशा मारत बसतात. परवाना मात्र बारा महिन्यांचा. समजा माणशी महिन्याला ८०० रुपये दर धरला, सहा जणांचे वर्षाचे ५७,६०० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६७,९६८. यातल्या चार जागा वर्षातले आठ-नऊ महिने रिकाम्या. महिन्याच्या हिशोबानं जागा वाढवता-घटवता येते का, हे आधी विचारा. महिन्याचा दर वर्षाच्या दरापेक्षा चढा असतो, तरी हंगामी धंद्याला तोच बहुधा परवडतो.

वायर ओढली की मीटर कोणाचं?

काकाजींचा प्रश्न इथं खरा धारदार होतो. समजा सीआरएमच्या तीन जागा घेतल्या. मग ते टॅलीला जोडलं, व्हॉट्सॲपला जोडलं, सभासदांसाठी एक छोटं ॲप केलं. आता आठशे कास्तकार आपापल्या मोबाईलवरून उधारी बघतात. ते सीआरएममध्ये शिरत नाहीत, पण त्यांचा प्रत्येक प्रश्न त्यातूनच जातो. मग वापरणारे तीन की आठशे तीन?

ही शंका हवेतली नाही. जॉनी वॉकर व्हिस्की बनवणारी डियाजिओ ही कंपनी हिशोबासाठी सॅप या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होती आणि त्याचे पैसेही भरत होती. पुढे तिनं सेल्सफोर्सवर दोन व्यवस्था उभ्या केल्या, एक गिऱ्हाइकांना थेट ऑर्डर नोंदवता यावी म्हणून आणि दुसरी विक्रीच्या माणसांसाठी. दोन्ही मागच्या बाजूनं सॅपला जोडलेल्या होत्या. सॅप म्हणालं, ही हजारो माणसं आमच्या सॉफ्टवेअरचा अप्रत्यक्ष वापर करतात, त्यांचे वेगळे पैसे द्या. दावा होता सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं पैसे द्यावे लागतील, असा कौल सॅपच्या बाजूनं दिला. किती, ते त्या निकालात ठरलं नाही. करारात "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असे शब्द होते आणि सगळं त्यावर फिरलं. त्यानंतर २०१८ मध्ये सॅपनं असा वापर मोजायची नवी पद्धत आणली: माणसं मोजण्याऐवजी बाहेरून तयार होणारे ऑर्डर, बिलं असे नऊ प्रकारचे दस्तऐवज मोजायचे.

आपल्या भाषेत सांगायचं तर, घरच्या मीटरवरून शेजारच्या गोठ्याला वायर ओढली. वायर आपली, बल्ब आपला, पण वीज कंपनी विचारणारच की जोडणी किती जणांची. आपलं दुकान काही डियाजिओ नाही, आपल्यावर लंडनमध्ये कोणी दावा लावणार नाही. पण लहान सीआरएममध्येही ही मोजणी असते, फक्त वेगळ्या नावानं. स्वस्त आवृत्तीत बाहेरची जोडणी बंदच, वरच्या आवृत्तीत सुरू. किंवा सुरू आहे, पण दिवसाला इतक्याच फेऱ्या, म्हणजे माहितीची इतकीच देवाणघेवाण. मध्यस्थ सॉफ्टवेअर घेतलं, जे एका ठिकाणची नोंद उचलून दुसरीकडे टाकतं, तर ते प्रत्येक उचलाउचलीचे पैसे लावतं. विक्रेत्याला "जोडता येतं का?" असं विचारलं की तो हो म्हणतो आणि खोटंही बोलत नसतो. "या दराच्या आवृत्तीत जोडता येतं का, आणि दिवसाला किती फेऱ्या?" असं विचारायचं.

आता ते सोयाबीनचं बियाणं. सुटसीआरएम, ओडूची कम्युनिटी आवृत्ती, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, ही सगळी या जातीची. माणशी पैसे नाहीत. स्वतःच्या दुकानात कसंही वापरा, हवं तसं बदला. पण जीपीएल नावाच्या परवान्याची अट अशी की बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा मूळ कोडही (प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर) त्याच हक्कांसह द्यावा लागतो. सुटसीआरएमला लागू असलेला एजीपीएल त्याच्या एक पाऊल पुढे जातो: बदललेलं सॉफ्टवेअर नुसतं इंटरनेटवरून लोकांना वापरायला दिलं, तरी त्यांना तो कोड मागता येतो. ज्याला दुकानापुरतं वापरायचं आहे त्याला याचा ताप नाही. तालुक्यातल्या दहा कंपन्यांना तेच विकायचा विचार असेल तर मात्र परवाना आधी वाचावा. फुकट बियाण्यालाही मशागत लागतेच, सर्व्हर, बॅकअप, बिघडल्यावर येणारा माणूस. आमच्याकडे तो माणूस अमरावतीहून येतो, म्हणून आम्ही या वाटेला गेलो नाही.

तोच वानखडे, की दुसरा?

लोकांना वाटतं जोडणी म्हणजे दोन सॉफ्टवेअरमध्ये तार टाकणं. तार टाकायला दोन दिवस लागले. त्याआधी नावं जुळवायला दीड महिना गेला.

वहीत "वानखडे", टॅलीत इंग्रजी स्पेलिंगचा "वानखेडे", मोबाईलमध्ये "रामराव तूरवाले". गावात एकाच नावाचे तिघं. ओळख मोबाईल नंबरावरून पटवावी म्हटलं तर एका घरात नंबर एकच, तोही पुण्याला कामाला असलेल्या पोराचा. सातबारा आईच्या नावावर, कसणारा मुलगा, अंगठा बापाचा. यातलं गिऱ्हाईक कोण? सीआरएममध्ये मुळात दोन थर असतात, वर कंपनी आणि खाली तिथली माणसं. आम्ही वर घर ठेवलं, खाली घरातली माणसं. हे एकदा ठरल्यावर पुष्कळ सोपं झालं. आणि ओळखीसाठी नाव नाही, मोबाईल नाही, आमच्या कंपनीचा सभासद क्रमांक धरला. तो बदलत नाही आणि दोघांचा एक असू शकत नाही. जोडणीला नेमकी अशीच खूण लागते.

उत्पादक कंपनीत आणखी एक गंमत. तोच माणूस जूनमध्ये आमच्याकडून खत नेतो आणि जानेवारीत आम्हाला तूर विकतो. टॅलीत त्याची दोन खाती, एक येण्यात, एक देण्यात. सीआरएममध्ये माणूस एक. खताच्या उधारीचा तगादा आणि तुरीच्या चुकाऱ्याचा वायदा, दोन्ही एकाच दिवशी एकाच मोबाईलवर गेले तर तो दुकानात येऊन काय बोलेल ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जुनी यादी एक्सेलमधून नेताना दोन खड्डे आहेत. पहिला फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे आतून मराठी नसतंच. सीआरएममध्ये गेलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या मराठीत, बदलून घ्यावं लागतं, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेली साधी यादी) करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा लागतो. दुसरा खड्डा मोबाईल नंबराचा. आधी ९१ लावून बारा आकडी नंबर लिहिला की एक्सेल त्याचं "९.१९ई+११" असं काहीतरी करतं, आणि तशीच सीएसव्ही जतन केली तर मूळ आकडे कायमचे गेले. तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून घ्यायचा.

मग तार. दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ते एपीआयमधून. तहसीलची खिडकी डोळ्यांसमोर आणा: ठरलेला अर्ज द्यायचा, ठरलेलं उत्तर घ्यायचं, आत जाऊन कपाट उघडायचं नाही. दर तासाला जाऊन "झालं का?" विचारायचं हा एक प्रकार. काम झालं की आतल्या माणसानंच आपल्याला फोन करायचा हा दुसरा, त्याला वेबहुक म्हणतात. दुसऱ्यात फेऱ्या वाचतात, म्हणजे पैसेही.

टॅलीलाही अशी खिडकी आहे, साधारणपणे ९००० नंबरच्या पोर्टवर, एक्सएमएल भाषेत बोलणारी. पण ती घराच्या आतल्या खोलीत. इंटरनेटवरचं सीआरएम बाहेरून येऊन ती ठोठावू शकत नाही. म्हणून दुकानातल्याच कॉम्प्युटरवर एक छोटा निरोप्या बसवावा लागतो, कनेक्टर. तो टॅलीकडून घेतो आणि बाहेर नेऊन देतो. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद, टॅली बंद किंवा लाइन गेलेली, तर निरोप्याही झोपलेला. खताचं पॉस मशीन तर आम्ही जोडणीतून बाहेरच ठेवलं. खताची विक्री त्या मशीनवर, बहुधा आधारच्या अंगठ्यानं, नोंदवावीच लागते आणि अनुदानाचा हिशोब त्यावरच चालतो. तिथला साठा खरा धरायचा आणि टॅलीचा त्याच्याशी रोज संध्याकाळी हातानं ताळा करायचा, एवढंच.

लाइनवरून आठवलं. गेल्या हंगामात निरोप्यानं एक बिल सीआरएमला दिलं आणि पोच यायच्या आत लाइन गेली. लाइन आल्यावर त्याला वाटलं बिल पोचलंच नाही, म्हणून पुन्हा दिलं. सीआरएमनं दोन बिलं धरली आणि दुप्पट उधारीचा मेसेज आपोआप सुटला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत तो कास्तकार पायरीवर बसलेला. "मी डीएपीचे दोन पोते नेले, चार कवा नेले बाप्पा?" चूक माझीच होती. टॅलीचा बिल नंबर हीच खूण ठेवायची आणि तोच नंबर पुन्हा आला तर नवं बिल करायचं नाही, असं आधीच सांगायला हवं होतं. कनेक्टर लिहून देणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा: "मधेच लाइन गेली तर?" तो अडखळला तर समजून जा.

दुसरी चूक दोन्ही बाजूंनी जोडण्याची. मी सीआरएममध्ये नवा मोबाईल नंबर टाकायचो, रात्री टॅलीतला जुना येऊन त्यावर बसायचा. शेवटी रकान्यागणिक मालक ठरवला. पैशाचा मालक टॅली, पत्त्या-मोबाईलचा मालक सीआरएम. दुसऱ्यानं फक्त बघायचं.

मेसेजचं थोडक्यात. व्हॉट्सॲप बिझनेसचं फुकट ॲप वेगळं आणि सॉफ्टवेअरला जोडायची सेवा वेगळी. दुसऱ्यात मजकुराचे नमुने आधी मंजूर करून घ्यावे लागतात आणि जाहिरातीच्या मेसेजला पैसे पडतात. साधा एसएमएस पाठवायचा तरी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर डीएलटी या मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत नोंदवावा लागतो. हे दोन्ही खर्च सीआरएमच्या दरात नसतात. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं कास्तकाराची संमती आणि तिचं कारण, दोन्ही महत्त्वाची ठरतात. सभासद अर्जातच एक ओळ वाढवून सही घेणं आम्हाला सोयीचं पडलं. त्या यादीचे नंबर एखाद्या बियाणं कंपनीच्या माणसाला "भाऊ, जरा दे ना" म्हटलं म्हणून देणं आता बंद.

पोरगा दुसऱ्यांदा आला तेव्हा काकाजींनी एकच विचारलं: सोडून जायचं झालं तर आमची माहिती कोणत्या रूपात आणि किती दिवसांत परत? त्यात बोलण्याच्या नोंदी आणि जोडलेले फोटोही येतात, की नुसती नावं? पोरगा म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो. आठ दिवसांनी उत्तर लेखी आलं, सगळं सीएसव्हीत मिळेल, फोटो वेगळ्या फाइलमध्ये. मग सही झाली: तीन जागा बारमाही, तीन फक्त जून-जुलैला. कनेक्टरच्या देखभालीचं कलम अजून अडलेलं आहे. लिहून देणारा म्हणतो, टॅलीची नवी आवृत्ती आली आणि काही मोडलं तर ते वेगळं काम धरावं लागेल. काकाजींना ते पटत नाही. मला वाटतं त्याचं बरोबर आहे, पण हे मी अजून त्यांना बोललो नाही.